भूपेन खख्खर: कामुकता देहात किती, मांडणीत किती?

रेघोट्या

क्विअर कलेवर, म्हणजे समलिंगी आणि चाकोरीबाहेरच्या लैंगिक ओळखींच्या कलेवर, मराठीत चर्चा निघाली की दोन-चार वाक्यांत ती कलम ३७७ वर (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं जुनं कलम) जाते आणि तिथेच संपते. चित्र रचलंय कसं, रंग लावलाय कसा, नजर कुठून शिरते आणि कुठे अडते, हे बोलायचं राहूनच जातं. इथे तेवढंच बोलूया. सुरुवातीला भूपेन खख्खर (१९३४-२००३), कारण आपल्याकडे या वाटेने पहिल्यांदा उघडपणे गेलेला मोठा चित्रकार तोच.

खख्खर जन्माने मुंबईचे, शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्या प्रोत्साहनाने १९६२ मध्ये बडोद्याला गेले, तिथे कलासमीक्षेचा अभ्यासक्रम केला आणि हिशेबनिशी सांभाळत चित्रं काढली. मॉडेल समोर बसवून देह काढायची कलाशाळेतली वर्षानुवर्षांची तालीम त्यांच्या हाताला नव्हती. त्यांचे पुरुष त्यामुळे लाकडी, थोडे फुगीर, खांद्यात अडकलेले दिसतात. पुष्कळ लोक इथेच वैतागतात.

माझं म्हणणं असं: त्यांच्या चित्रातली कामुकता उघड्या देहात थोडी आहे. देह केवढा काढला, कोणाच्या शेजारी ठेवला आणि आपल्याला कुठे उभं केलं, यात ती जास्त आहे.

‘यू कान्ट प्लीज ऑल’ (१९८१, लंडनच्या टेट संग्रहालयाकडे) घ्या. कॅनव्हास चौरस, बाजू सुमारे पावणेसहा फूट. बाल्कनीत एक नग्न पुरुष, आपल्याकडे पाठ करून. खाली गाव, आणि त्या गावात बाप, मुलगा आणि गाढवाची आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. एकाच दृश्यात तीच पात्रं पुन्हा पुन्हा येतात, गोष्ट पुढे सरकते. खख्खरांनी स्वतःच्या लैंगिकतेची वाच्यता करण्याशी हे चित्र नेहमी जोडलं जातं. तरी त्यात कोणी कोणाला स्पर्शसुद्धा करत नाही.

पुणेरी_पेन्सिल

स्पर्श नाही, चेहरा नाही, मग कामुक काय? पाठमोरी माणसं युरोपच्या निसर्गचित्रांत ढिगाने आहेत. त्यांना कोणी कामुक म्हणत नाही.

रेघोट्या

त्या निसर्गचित्रांतला पाठमोरा माणूस कपड्यात असतो आणि डोंगरावर असतो. आपण त्याच्या मागे, म्हणजे डोंगरावरच. इथला माणूस बाल्कनीत आहे. त्याच्या मागे उभं राहायचं म्हणजे त्याच्या घरात, बहुधा झोपायच्या खोलीत उभं राहायचं. चित्रकाराने न विचारता आपल्याला आत घेतलंय. पुढून गावाला तो दिसू शकतो, पण गाव आपापल्या गाढवाच्या भानगडीत आहे. मागून पाहणारे फक्त आपण. या दोन नजरांच्या मधे तो उघडा उभा आहे.

‘टू मेन इन बनारस’ (१९८२) मध्ये हीच युक्ती उलटवली आहे. दोन नग्न पुरुष आलिंगनात, मोठे, अगदी पुढे; त्यांची उत्तेजना झाकलेली नाही. उरलेल्या कॅनव्हासवर बनारस: साधू, पूजा, देवळं, रोजचे व्यवहार, सगळं बोटभर आकाराचं. त्या जोडीकडे कोणी वळूनही पाहत नाही. हे चित्र २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे २५ लाख पौंडांना गेलं. बातम्या किमतीच्या झाल्या. त्या लहान माणसांच्या बेफिकिरीबद्दल फारसं कोणी लिहिलं नाही.

कॅनव्हासवाली

सहमत. आता करून पाहणाऱ्यांसाठी रचनेचं थोडं. हा खख्खरांचा नुस्खा नव्हे, या प्रकारच्या रचनेचा सराव आहे.

चौरस कॅनव्हास घ्या, ९० × ९० सेंमी पुरे. आडव्या कॅनव्हासवर नजर कडेने पळते आणि मोठी आकृती नुसती बाजूला उभी राहते. मोठी आकृती उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश, लहान माणसं त्या आकृतीच्या सहाव्या ते आठव्या हिश्श्याची. क्षितिज खूप वर, कडेपासून १०-१२ सेंमीवर. म्हणजे जमीन उभी होते आणि गावातल्या सगळ्या घटना एकमेकींना न झाकता मावतात. इटलीतल्या सिएना शहराच्या चौदाव्या शतकातल्या भित्तिचित्रांत आणि आपल्या लघुचित्रांत हेच आहे. खख्खरांनी दोन्ही मन लावून पाहिली होती.

बिघडतं कुठे? पहिली गोष्ट, लोक सगळ्या चित्राला एकच प्रकाश देतात. एका बाजूने ऊन आलं की लहान माणसं दूर न वाटता खेळण्यातली वाटायला लागतात. प्रत्येक लहान प्रसंगाला त्याचा स्वतःचा सपाट उजेड द्या, जमिनीवर लांब सावल्या टाकू नका. दुसरी गोष्ट, गावात गडद-फिक्याचा फरक फार ठेवला की डोळा तिथेच अडकतो. मागच्या भागाच्या छटा एकमेकींच्या जवळ ठेवा आणि सर्वांत गडद व सर्वांत उजळ जागा मोठ्या देहासाठी राखा. देह ऊबदार, मागचं निळसर-हिरवं.

रात्र काळ्या रंगाने करू नका. बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिसळून जो काळोख येतो त्यात खोली असते. थर देताना पहिला फक्त टर्पेंटाइनमध्ये, दुसऱ्याला दोन भाग टर्पेंटाइन आणि एक भाग जवसाचं तेल, तिसऱ्याला निम्मं-निम्मं. उलट केलंत, म्हणजे खाली तेलकट आणि वर कोरडा थर, तर वरचा आधी आखडतो आणि वर्ष-दोन वर्षांत भेगा पडतात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात थर बोटाला कोरडा लागला तरी आतून ओला असतो. नखाने कोपऱ्यात दाबून पाहा. खूण उमटली तर थांबा.

डार्करूम

दुकानदारांची चित्रं विसरू नका. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ आणि ‘डीलक्स टेलर्स’ (दोन्ही १९७२), मग न्हाव्याचं दुकान. एकटा पुरुष, भोवती त्याच्या धंद्याची अवजारं, पाटी रंगवणाऱ्याच्या हातचे वाटावेत असे सपाट चकचकीत रंग. देह पूर्ण झाकलेला. तरी शिवणाऱ्या हातांकडे आणि इस्त्रीच्या कपड्यांकडे जितका वेळ पाहिलंय तितका वेळ माणूस उगाच पाहत नाही. आधुनिक भारतीय चित्रकलेत शिंपी किंवा घड्याळजी हा पाहण्याचा विषयच नव्हता. शेतकरी, मजूर चालत, कारण त्यांना प्रतीक करता येई. घड्याळजीचं काय प्रतीक करणार?

जलधारा

मला १९९० नंतरचे जलरंग जास्त महत्त्वाचे वाटतात. गुजरातेतल्या वसाद गावच्या त्या पाच लिंगांच्या, नाक गळणाऱ्या म्हाताऱ्याचं चित्र (१९९५) बहुतेकांनी नुसतं शीर्षक ऐकून हसण्यावारी नेलेलं असतं. हसू आहेच त्यात, खख्खरांना ते हवंच होतं. पण देह बघा. पिकलेले केस, सुटलेलं पोट, उतरलेले खांदे.

याच्यासमोर अमेरिकन छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्प ठेवा. स्टुडिओतला प्रकाश, संगमरवरासारखी त्वचा, प्रत्येक स्नायू मोजून उजळलेला. समलिंगी कामुकतेला त्याने ग्रीक शिल्पाचं घराणं मिळवून दिलं. १९९० मध्ये त्याच्या प्रदर्शनावरून अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या संग्रहालयावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा बचावाच्या तज्ज्ञांनी रचना, प्रकाश, घाट याच भाषेत साक्ष दिली आणि निर्दोष सुटका झाली. खख्खरांच्या म्हाताऱ्याला ही वकिली मिळाली नसती, तो सुंदर नाही. वयस्कर, मध्यमवर्गीय, कवळी लावणारी माणसंही एकमेकांना हवीशी वाटतात, ही गोष्ट नग्नतेपेक्षा जास्त लोकांना टोचते असं माझं मत.

तंत्राबद्दल: त्या जलरंगांत देहाची कड कित्येकदा विरघळते, एक रंग दुसऱ्यात शिरतो. ओल्यावर ओलं काम आहे. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरबरीत, अर्ध्या शीटपेक्षा मोठा असेल तर ६४० चा, नाहीतर ताणून चिकटवलेला. दोन्ही बाजूंनी भिजवा. कागदावरची चमक गेली पण बोटाला गार लागतोय, ही वेळ. चमक असताना रंग सोडला तर तो हवा तिकडे धावतो. आणि ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर कोबीच्या गड्ड्यासारखे डाग फुटतात. दोन देहांच्या मधली कड विरघळवायची असेल तर दोघांचे रंग आधी कोरड्या कागदाच्या तुकड्यावर एकत्र करून बघा. नारिंगी त्वचा आणि हिरवट त्वचा मिसळली की चिखल होतो. गुलाबी आणि जांभळट चालतात.

गुलाबीवरून एक सावधगिरी. क्विअर विषयाच्या नव्या कामांत झगझगीत ऑपेरा गुलाबी सर्रास दिसतो. त्यातला फ्लुरोसंट रंग उजेडाने उडतो, खिडकीसमोर टांगलं तर काही महिन्यांत फरक दिसतो. अलिझरीन क्रिमसन या गडद लाल रंगाचं (पीआर ८३) तसंच, जरा सावकाश. विकायचं काम असेल तर क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही १९) वापरा. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा, नावावर जाऊ नका.

ओवी_आणि_रेघ

‘सखीभाव’ (१९९५) नावाचं त्यांचं जलरंगचित्र आहे. भक्ताने स्वतःला कृष्णाची सखी मानायचं, ही पुष्टिमार्गातली (वल्लभाचार्यांचा कृष्णभक्ती संप्रदाय) आणि एकूण कृष्णभक्तीतली कल्पना. मराठी माणसाला ही अनोळखी नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या स्त्रीच्या तोंडी आहेत, ‘घनु वाजे घुणघुणा’ म्हणणारी विरहिणी आहे. एकनाथांच्या गौळणी तर पुरुषच उभे राहून गातात. क्विअर आपल्याकडे बाहेरून आलं म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

पुणेरी_पेन्सिल

इथे जरा थांबा. विराणीतली स्त्री ही जीवाची भूमिका आहे. तिला आजच्या ओळखीचा पुरावा करणं म्हणजे दोन्हींवर अन्याय. वारकऱ्यालाही ते पटणार नाही आणि क्विअर माणसाला असल्या पूर्वजाच्या दाखल्याची गरजही नसावी.

रेघोट्या

खख्खर पुरावा मागत नाहीत, म्हणून मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. ‘ययाती’ (१९८७) पाहा. पुराणात मुलगा बापाला तारुण्य देतो. चित्रात वृद्ध देहावर एक पंखवाला तरुण देह झुकलेला आहे, आणि ते देणं शरीराने होतंय. ‘पुराणातही होतं बरं का’ असं ते म्हणत नाहीत. घरातली गोष्ट उचलतात आणि स्वतःच्या कामाला लावतात. गाढवाच्या गोष्टीचंही त्यांनी तेच केलं.

आणि देवादिकांचा छापील माल त्यांच्या हाताखालून आधीच गेलेला होता. १९६० च्या दशकातली त्यांची पहिली कोलाजं देवांची ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील चित्रं) कापून केलेली आहेत. बाजारात मिळणाऱ्या या छापील देवांची परंपरा रविवर्म्याच्या छापखान्यापर्यंत जाते: १८९४ ला मुंबईत सुरू, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला.

डार्करूम

मळवली आणि रविवर्मा निघालेच आहेत तर कलाकार तेजल शाह. ‘हिजडा फँटसी’ मालिकेत (२००६) प्रत्येक व्यक्तीला विचारलं की तुला कोण व्हायचंय, आणि तसं छायाचित्र उभं केलं. त्यातल्या एकात यशोदा-कृष्णाचं दृश्य रविवर्म्याच्या चित्रावरून रचलेलं आहे. इथे कामुकतेपेक्षा वात्सल्याचा हट्ट आहे आणि तो जास्त धीट वाटतो. हिजडा म्हटलं की प्रेक्षक देहाचीच अपेक्षा धरून येतो, त्याला मांडीवरचं बाळ दाखवलं.

छायाचित्रात एक अडचण आहे जी चित्रात नाही: समोरचा माणूस खरा असतो. छायाचित्रकार सुनील गुप्ता यांची ‘एक्झाइल्स’ मालिका (१९८६-८७) इंडिया गेट, हुमायूनची कबर अशा दिल्लीतल्या सार्वजनिक जागी घेतलेली. बऱ्याच चित्रांत चेहरे वळलेले किंवा कापलेले. खाली पुरुषांच्या बोलण्यातली वाक्यं, पण चित्रातला माणूस आणि वाक्य एकाच व्यक्तीचं नव्हे. त्या काळी ३७७ कायद्यात होतं, चेहरा दाखवणं म्हणजे माणसाला उघडं पाडणं. या बंधनातून जी भाषा तयार झाली, ती आज बंधन नसतानाही पुष्कळ जण नुसती शैली म्हणून वापरतात. मान कापलेले उघडे पुरुष-देह इन्स्टाग्रामवर पैशाला पासरी आहेत. लपवायचं काहीच नसेल तर चेहरा का कापलाय, याचं उत्तर फोटोतच असायला हवं.

असलं काम करणाऱ्यांनी संमतीपत्र सैल ठेवू नये. ‘माझे फोटो वापरायला हरकत नाही’ एवढ्या ओळीने भागत नाही. प्रदर्शन, कॅटलॉग, वेबसाइट, विक्री या चार वापरांना वेगवेगळी टिकमार्क हवी. माणूस भिंतीवर चालवून घेतो आणि इंटरनेटवर नाही. चेहरा, गोंदण, घरातला देव्हारा किंवा खिडकीबाहेरची पाटी, कशावरूनही ओळख पटते, त्यामुळे निवडलेले अंतिम फोटो दाखवून दुसरी सही घ्या. संमती मागे घ्यायची मुदत लिहा, छापायला जाण्याआधी अमुक दिवस अशी. वयाचा पुरावा पाहा. अठराच्या आतलं कोणी असेल तर ‘कला आहे’ हा बचाव सांगत बसू नका, पोक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) आहे. आणि फाइल पाठवण्याआधी तिच्यातलं जीपीएस स्थान पुसा. फोनने काढलेल्या फोटोत ते बहुधा असतंच.

कलमदान

प्रदर्शन भरवणाऱ्यांसाठी कायद्याचं थोडक्यात.

३७७ आणि अश्लीलता हे दोन वेगळे डबे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. चित्र अश्लील आहे का, हा प्रश्न तेव्हाही भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ चा होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ चा आहे. पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठी लोकोपयोगी ठरणाऱ्या गोष्टींना अपवाद आहे, पण तो बचाव आहे. तक्रार झाली की पोलिस आधी येतात, बचाव नंतर येतो.

मुंबईतली जुनी नोंद चित्रकार अकबर पदमसींची. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनातल्या ‘लव्हर्स’ वरून खटला झाला, ते सुटले. त्यानंतर सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सने अडवलेली चित्रकार एफ. एन. सूझा आणि पदमसी यांची सात कामं सोडायला लावली. नग्न चित्र म्हणजे आपोआप अश्लील नव्हे, एवढं सरळ सांगितलं. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा अवीक सरकार निकाल आहे: काम समग्र पाहायचं, समकालीन समाजाच्या मापाने पाहायचं.

निकाल चांगले असले तरी भिंतीवरचं चित्र निकालाने टिकत नाही. २०१२ मध्ये दिल्लीच्या आलियान्स फ्रान्सेजमधलं सुनील गुप्ता यांचं प्रदर्शन एका तक्रारीवरून पोलिसांनी बंद केलं. त्याच वर्षी दिल्लीत बलबीर कृष्ण या चित्रकारावर प्रदर्शनातच हल्ला झाला. म्हणून तयारी: कामांची क्रमवार यादी, माप-माध्यम-वर्षासह, क्युरेटरची सही असलेलं निवेदन, ज्यात प्रत्येक आक्षेपार्ह वाटू शकणाऱ्या कामाबद्दल दोन वाक्यं तरी असतील, वकिलाचा नंबर काउंटरवरच्या माणसाकडे. जप्ती झाली तर पंचनाम्यात प्रत्येक काम यादीतल्या क्रमांकाने लिहून घ्या आणि त्या क्षणी त्याची अवस्था दाखवणारे फोटो काढा. पोलिस ठाण्याच्या खोलीत गुंडाळी करून ठेवलेला कॅनव्हास परत येतो तेव्हा रंग उडालेला असतो आणि आधीची अवस्था सिद्ध करता येत नाही.

रस्त्यावरून दिसणाऱ्या काचेच्या भिंतीत असं काम लावू नका. धार्मिक चिन्ह आणि नग्नता एकाच चित्रात असेल तर न्याय संहितेच्या कलम २९९ चा (धार्मिक भावना दुखावणं) विचार वेगळा करा. तिथे अश्लीलतेचे निकाल कामाला येत नाहीत.

फ्रेमवाला

जलरंग टांगायचे तर उजेड ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) वर नको. तैलरंगांना २०० पर्यंत चालतो. फोनमधलं अॅप ढोबळ आकडा देतं, पण कुठल्या कोपऱ्यात तिप्पट आहे एवढं नक्की कळतं. काचेऐवजी यूव्ही अडवणारं अॅक्रिलिक, कागद आणि अॅक्रिलिकमध्ये ४-५ मिमीचा स्पेसर, मागे आम्लमुक्त बोर्ड. मुंबई-गोव्यात आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद हा प्रकार सगळ्यांत वाईट, कागद रोज फुगतो आणि रोज आखडतो. तीन महिने टांगलेला जलरंग मग निदान वर्षभर अंधारात ठेवावा.

नेहमी चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंमीवर धरतात. छोट्या, जवळिकीच्या कामांना तो १४० वर आणा आणि दोन कामांत किमान ६० सेंमी सोडा, म्हणजे माणूस वाकून एकटा पाहू शकतो. गर्दीत खांद्याला खांदा लावून कामुक चित्र कोणी नीट पाहत नाही, सगळे मान वळवून लेबल वाचायला लागतात.

कॅनव्हासवाली

@फ्रेमवाला, चकाकीबद्दलही लिहा ना. गडद निळ्या-हिरव्या चित्रावर साधं अॅक्रिलिक लावलं की प्रेक्षकाला स्वतःचाच चेहरा दिसतो. पाकिस्तानात जन्मलेल्या सलमान तूरसारख्या हिरव्या काळोखात काम करणाऱ्या तरुण चित्रकारांची नक्कल इथे खूप चालू आहे, आणि त्यातली निम्मी कामं काचेखाली मेलेली असतात.

फ्रेमवाला

तैलरंग असेल तर काच लावूच नका, मॅट आणि ग्लॉस वार्निश निम्मं-निम्मं मिसळून सॅटिन ठेवा. निव्वळ मॅटने गडद हिरवा पांढुरका पडतो. वार्निश चित्र पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी, जाड थर असतील तर वर्षाने. कागदावरचं असेल तर प्रतिबिंबरोधक अॅक्रिलिक, महाग पडतं. ते परवडत नसेल तर दिवा समोरून न टाकता वरून ३० अंशाच्या कोनात टाका आणि समोरची भिंत गडद रंगवा. पांढरी भिंत समोर असेल तर दिवा कसाही फिरवा, ती चित्रात दिसणारच.